संगणकातला फितूर



किल्ला कसा पडतो हे आपण इतिहासात वाचले आहे. तोफांनी तट फोडला की पडतो. वेढा घालून दाणागोटा तोडला की पडतो. आणि आतला कोणी फितूर झाला की पडतो. पहिल्या दोन प्रकारांत शत्रू आला आहे हे किल्लेदाराला निदान कळते तरी. तिसऱ्यात ते कळत नाही. तट जागच्या जागी असतो, पहारे वेळेवर बदलतात, चूल पेटते, नगारा वाजतो. सगळे रोजच्यासारखे चालते, फक्त आतली बातमी रात्री गुपचूप बाहेर जात असते.

संगणकातही असाच एक फितूर शिरतो. इंग्रजीत त्याला स्पायवेअर म्हणतात. स्पाय म्हणजे हेर, आणि वेअर हे सॉफ्टवेअर या शब्दाचे शेपूट. पण हेर म्हटले की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. ते स्वराज्यासाठी वेष पालटून शत्रूच्या मुलखात फिरले. त्यांचे नाव या चोरट्याला कशाला द्यायचे? म्हणून मी या लेखात फितूर हाच शब्द वापरणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणक स्वतःच्या मनाने काहीच करीत नाही. त्याला हुकमांची यादी द्यावी लागते. या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. पत्र लिहायचा एक प्रोग्रॅम, चित्र काढायचा दुसरा, गाणे वाजवायचा तिसरा. फितूर हाही एक प्रोग्रॅमच आहे. फरक इतकाच की तो मालकाला न सांगता चालतो आणि जे पाहतो ते इंटरनेटवरून दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो.

व्हायरस हे नाव सर्वांनी ऐकले आहे. जुन्या पद्धतीचा व्हायरस म्हणजे टोळधाड. आली की शेत फस्त. फायली उडतात, संगणक बंद पडतो, मालक डोक्याला हात लावतो. फितुराचे तसे नसते. तो गोचिडासारखा असतो. गोचीड गाईला मारीत नाही. गाय मेली तर त्यालाच उपाशी राहावे लागेल. ते कानात नाहीतर कासेपाशी दडून बसते आणि थोडे थोडे रक्त पिते. गाय चरते, दूध देते, जरा कमी देते इतकेच. तसाच फितूर शिरलेला संगणकही चालू राहतो. थोडा मंद होतो, कधी पंखा उगीचच जोरात फिरतो, न उघडता जाहिराती उघडतात. पुष्कळदा तर एवढेसुद्धा दिसत नाही.

म्हणूनच "चालतोय ना कंप्युटर, मग झालं तर!" हे वाक्य मला धोक्याचे वाटते. फितुराला नेमके तेच हवे असते. संगणक चालला पाहिजे, कारण तुम्ही तो वापरलात तरच त्याला काहीतरी पाहायला मिळणार.

तो पाहतो काय?

काही फितूर फक्त तुम्ही कोणकोणत्या पानांवर गेलात ते टिपतात आणि ती यादी जाहिरातवाल्यांना विकतात. काही पडद्याचे फोटो काढतात. काही कॅमेरा आणि माईक चालू करतात. सर्वांत कपटी प्रकार म्हणजे की-लॉगर. की म्हणजे कळफलकावरचे बटण, आणि लॉग म्हणजे नोंद. तुम्ही जे बटण दाबाल ते हा आपल्या वहीत टिपतो. पासवर्ड लिहिताना पडद्यावर अक्षरांऐवजी काळे ठिपके येतात हे आपण संगणकाच्या तासाला पाहिले आहे. ते ठिपके पाठीमागे उभ्या असलेल्या माणसापासून लपवण्यासाठी असतात. की-लॉगर पडद्याकडे बघतच नाही. बटण दाबले की अक्षर त्याच्या वहीत गेलेच. मग ठिपके काय कामाचे?

आता कोणी म्हणेल, आम्हा गरिबांच्या घरात चोरण्यासारखे आहे काय? अहो, आहे. पीकविम्याचे पैसे खात्यात येतात. दुधाचे पगार खात्यात येतात. आजीची पेन्शन खात्यात येते. त्या खात्याची किल्ली म्हणजे एक पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. दुसरे असे की शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावरून गुरुजी आपल्या सर्वांची माहिती सरकारी पोर्टलवर भरतात. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक. तो एक संगणक फितूर झाला तर सगळ्या पटावरची मुले उघडी पडतील. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही.

खरोखर घडलेल्या गोष्टी

हे सर्व नुसते भीती घालायला लिहिले आहे असे वाटू नये म्हणून तीन खऱ्या गोष्टी सांगतो. तिन्ही परदेशातल्या आहेत आणि तिन्ही छापून आलेल्या आहेत.

पहिली २००० सालची. रीडर रॅबिट नावाचा, लहान मुलांना वाचायला शिकवणारा एक प्रोग्रॅम होता. त्यात ससा असतो. तो मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून विकला जात होता. एका पालकाने आपल्या संगणकावर झोनअलार्म नावाचा फायरवॉल बसवला होता. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. कोण आत आला, कोण बाहेर चालला, हे तो विचारतो. त्या पहारेकऱ्याने सांगितले की हा सशाचा प्रोग्रॅम गुपचूप बाहेर माहिती पाठवतो आहे, ती थेट कंपनीकडे! स्पायवेअर हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो याच सुमारास. मला या गोष्टीतले एवढेच लक्षात ठेवावेसे वाटते की तो प्रोग्रॅम उत्तम चालत होता. मुलांना वाचायला शिकवतही होता.

दुसरी २००५ सालची. सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या काही तबकड्या बाजारात आणल्या. कोणी कॉपी करू नये म्हणून तबकडी संगणकात घातली की एक प्रोग्रॅम बसत असे, आणि तो स्वतःला लपवून घेत असे. मार्क रुसिनोविच नावाच्या संगणकतज्ज्ञाला तो आपल्याच संगणकात सापडला आणि त्याने ते जाहीर केले. गंमत पुढेच आहे. या प्रोग्रॅमने लपायची जी जागा करून ठेवली होती, तीच दुसऱ्या चोरांनी वापरायला सुरुवात केली. भिंतीत चोरकप्पा केला की त्यात कोण काय ठेवील हे आपल्या हाती राहत नाही. शेवटी कंपनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या.

तिसरी गोष्ट शाळेची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात लोअर मेरियन नावाचा शाळांचा एक विभाग आहे. तिथे हायस्कूलच्या सुमारे २,३०० मुलांना शाळेकडून लॅपटॉप मिळाले होते. फुकट, घरी न्यायला. मुले किती खूश झाली असतील! त्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम होता. लॅपटॉप चोरीला गेला तर तो दुरून चालू करायचा, मग तो कॅमेऱ्याने समोरच्याचा फोटो काढून शाळेला पाठवणार, आणि चोर सापडणार. कल्पना वाईट नव्हती. पण हे मुलांना किंवा त्यांच्या आईवडिलांना कोणी सांगितले नव्हते.

काही मुलांना दिसे की कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो. विचारले तर उत्तर मिळे की यंत्रातला किरकोळ बिघाड आहे. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये एका विद्यार्थ्याला सहायक मुख्याध्यापकांनी बोलावले आणि तू घरी भलतेच काहीतरी करतोस असा जाब विचारला. पुरावा काय, तर त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्याच लॅपटॉपने काढलेला फोटो. त्या कुटुंबाने सांगितले की मुलाच्या हातात गोळ्या दिसतात त्या खाऊच्या होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये खटला दाखल झाला. चौकशी झाली तेव्हा कळले की मुलांचे आणि त्यांच्या पडद्यांचे मिळून पन्नास हजारांहून जास्त फोटो निघाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाळा विभागाने ६,१०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

मला वाटते, लक्ष ठेवणे हे वाईट नाही. आई आपल्यावर लक्ष ठेवते, गुरुजी ठेवतात. ते आपल्याला माहीत असते. न सांगता, चोरून ठेवले की तीच गोष्ट फितुरी होते, मग करणारा शाळा असो, कंपनी असो की घरातला माणूस. हल्ली दुसऱ्याचा फोन पाच मिनिटे हातात मिळाला की त्यात असा प्रोग्रॅम घालणारे लोक आहेत. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे आणि माहिती चोरणे हा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. फोन हासुद्धा कायद्याच्या भाषेत संगणकच आहे.

दार कोण उघडतो?

बहुतेक वेळा आपणच. ही या विषयातली मुख्य गोष्ट आहे. फितूर भिंत फोडून क्वचितच येतो. तो पाहुण्यासारखा येतो आणि आपण त्याला पाट मांडून देतो.

फुकटचा गेम हवा असतो. तो उतरवताना पडद्यावर चौकट येते, तिच्यात बारीक अक्षरांत पानभर मजकूर असतो. आपण तो न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट, ओके करीत जातो. मधल्या एका चौकटीत "यासोबत आणखी एक प्रोग्रॅम बसवू का?" असे विचारलेले असते आणि उत्तराची खूण आधीच होकारावर केलेली असते. झाले, गेमबरोबर फितूर आला. पैसे न भरता मिळवलेल्या चोरीच्या प्रोग्रॅमचे तर विचारूच नका. चोराकडून कुलूप विकत घेतले तर एक किल्ली त्याच्याकडे राहणारच.

पेनड्राईव्हची गोष्ट ऐका. फोटो छापायला पेनड्राईव्ह गावोगावच्या दुकानांत जातो, दहा संगणकांना लागतो आणि मग शाळेत येतो. त्यातला एक नेहमीचा डाव असा आहे. तुमचे खरे फोल्डर लपवले जातात आणि त्याच नावांची खोटी चित्रे दिसू लागतात. नीट पाहिले तर त्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असतो. ते फोल्डर नसते, शॉर्टकट असतो. त्यावर टिचकी मारली की तुमचे खरे फोल्डर उघडते आणि त्याच वेळी तो प्रोग्रॅमही चालू होतो. आपले फोटो दिसले म्हणजे आपल्याला शंका येत नाही. किती हुशारी बघा! तेव्हा पेनड्राईव्ह लावला की आधी तपासणी, मग टिचकी. आणि फोल्डरवर कधी नसलेला बाण दिसला तर हात मागे.

ईमेलमधून येणाऱ्या फायलींचा डाव निराळा. फाईलच्या नावाला शेवटी एक शेपूट असते, त्यावरून ती कशाची आहे ते कळते. पीडीएफ म्हणजे वाचायचा कागद, जेपीजी म्हणजे चित्र, ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ही शेपटे सहसा लपवून ठेवते. मग चोर काय करतो, फाईलचे नाव "निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असे ठेवतो. शेवटचे शेपूट लपल्यामुळे आपल्याला ती पीडीएफ वाटते. फाईल एक्सप्लोररमध्ये ही शेपटे दाखवण्याची सोय आहे. ती चालू करून ठेवावी.

फोनवरची लग्नपत्रिका

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. आपल्याकडे घरोघर संगणक नाहीत, पण फोन आहेत आणि बँक त्यातच आहे.

अलीकडच्या वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, गाडीच्या दंडाची पावती म्हणून किंवा पीएम किसानची यादी म्हणून एक फाईल येते. तिचे शेपूट एपीके असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारा प्रोग्रॅम. फाईल पुष्कळदा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाच्या फोनमध्ये फितूर आधीच शिरलेला असतो आणि तोच ती पुढे सगळ्यांना धाडत असतो. दाबले की फोन विचारतो, बसवू का? मग विचारतो, याला मेसेज वाचू देऊ का? लोक हो म्हणतात. तिथून पुढे बँकेचा ओटीपी आला की तो चोरालाही दिसतो.

मी एकच साधा हिशेब सांगतो. पत्रिका ही एकतर चित्र असते, नाहीतर पीडीएफ. पत्रिका कधी "इन्स्टॉल" करावी लागते का? करावी लागत असेल तर ती पत्रिका नव्हे. शंका असेल तर त्या घरी फोन लावून विचारावे, "दादा, लग्न आहे का हो तुमच्याकडं?"

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला मेसेज, कॅमेरा, माईक यांची परवानगी दिली आहे ते पाहता येते. बॅटरीच्या उजेडाच्या अ‍ॅपला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत? अशी परवानगी काढून टाकावी. "अ‍ॅक्सेसिबिलिटी" नावाची परवानगी तर ज्यांना दिसण्या-ऐकण्याची अडचण आहे त्यांच्या सोयीसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि बटणेही दाबता येतात. अनोळखी अ‍ॅपने ती मागितली तर साफ नाही म्हणावे.

बंदोबस्त

संगणकाचा बंदोबस्त फार खर्चाचा नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आधीपासूनच असतो. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची एक कंपनी विकत घेतली होती. तिच्या फितूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमपासूनच हा पुढे तयार झाला. तो चालू आहे ना एवढे पाहावे आणि अधूनमधून पूर्ण तपासणी लावावी. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटताना लावून जावे म्हणजे कोणाचे काम अडत नाही. पालकांना आणखी एक सोय आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्यांच्याकडून सफाईची साधने फुकट मिळतात.

अपडेट आले की पुष्कळ जण नंतर, नंतर करीत ढकलतात. अपडेट म्हणजे तटाची डागडुजी. कुठे दगड निखळला आहे हे बनवणाऱ्याला कळते, तो दुरुस्ती पाठवतो. त्याच वेळी तो दगड कुठला हे चोरांनाही कळते! म्हणून उशीर नको. विंडोज १० ची नेहमीची फुकट डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांचे संगणक जुने आहेत त्यांनी याची चौकशी करावी.

२०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर दोन मेसेज आले. तुरुंगात होणाऱ्या छळाची गुप्त माहिती हवी असेल तर ही लिंक दाबा, असे त्यात होते. त्यांनी दाबली नाही. ती कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवली. तिथल्या लोकांना तीत इस्रायलच्या एनएसओ कंपनीचा पेगासस हा फितूर सापडला. अ‍ॅपलने काही दिवसांतच दुरुस्ती काढली आणि ती जगभरच्या आयफोनवर गेली. एका माणसाने बोट आवरले आणि जाणकाराला विचारले, त्याचा एवढा उपयोग झाला. पेगाससचे पुढचे प्रकार तर काही न दाबताही शिरतात. २०१९ मध्ये नुसता व्हॉट्सअ‍ॅप कॉल येऊन गेला, उचललाही नाही, तरी तो शिरत होता. पण ती फार महाग हत्यारे असतात, ती निवडक माणसांवरच चालवतात. आपल्या वाट्याला येतो तो साधा फितूर, आणि त्याला दार लागते.

घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर मुलांसाठी वेगळे, कमी अधिकाराचे खाते असावे. त्या खात्यातून संगणकभर चालणारा प्रोग्रॅम बसवायला मोठ्यांचा पासवर्ड लागतो. आपल्याला राग येईल, पण फितुरालाही तोच पासवर्ड लागेल. सार्वजनिक दुकानातल्या संगणकावरून बँकेचे काम करू नये. त्यात कोण बसला आहे हे दुकानदारालासुद्धा सांगता येणार नाही. आणि कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवायला खर्च काहीच येत नाही.

शंका आलीच तर काय करावे? आधी इंटरनेट तोडावे, वायर काढावी किंवा वायफाय आणि डेटा बंद करावा. म्हणजे बातमी बाहेर जायची थांबते. त्यानंतर पासवर्ड बदलावे, पण ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. त्याच संगणकावरून बदलले तर नवा पासवर्डही त्याच्या वहीत जाणार. मग पूर्ण तपासणी लावावी. तरीही जात नसेल तर आपल्या फायली बाजूला काढून संगणक पुसून नव्याने भरावा, हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. पैसे गेले असतील तर लाजू नये आणि उद्यावर ढकलू नये. आधी बँकेला कळवावे आणि लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो फोनमध्ये नको, वहीत लिहून ठेवावा.